‘काहीच बदललं नाही, फक्त स्टाइल’

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेलं आणि दर दोन मिनिटांनी आलेलं ‘ॲक्च्युअली’ काढलं आहे. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



मागच्या भागानंतर एकाचा मेसेज आला होता. ‘ताई, कोड क्लीनअप हा काय बोलायचा विषय आहे का? टॅब की स्पेस, एवढंच ना?’ तर मित्रा, आजचा भाग तुझ्यासाठी. कारण मीही आधी असंच समजत होते. आणि त्या समजुतीपायी एका माणसाची अख्खी रात्र गेली, आणि एका ग्राहकाच्या अकरा शाखांचं नेटवर्क नेमकं सकाळी शटर उघडायच्या वेळी बंद होतं.

गंमत म्हणजे, त्या माणसाने मला फोनवर विचारलं होतं, ‘मॅडम, या व्हर्जनमध्ये शेलमध्ये काय बदललं हो?’ आणि मी अगदी मनापासून, खरं वाटूनच सांगितलं होतं, ‘काहीच बदललं नाही. फक्त स्टाइल.’

आज या एका वाक्याबद्दल बोलायचंय. कोड दाखवायला स्क्रीन नाही, त्यामुळे मी वाचून दाखवीन. घाबरू नका, चार-पाच ओळीच आहेत.

शेल करतो काय?

आधी थोडी पार्श्वभूमी. आमची कंपनी नेटवर्कची उपकरणं बनवते. ऑफिसच्या कोपऱ्यात हिरवे दिवे लुकलुकत असतात ना, तसला डबा. त्या डब्यात एक छोटं लिनक्स असतं आणि त्यात आमचा कमांड शेल. शून्यातून लिहिलेला नाही. जुन्या, छोट्या ओपन सोर्स शेलवर वर्षानुवर्षं वेगवेगळ्या लोकांनी हात फिरवून तो आजच्या रूपाला आलाय.

शेल म्हणजे काय? तुम्ही कमांड टाइप करता, शेल ती ओळ वाचतो, तो प्रोग्रॅम शोधतो आणि चालवतो. काळी स्क्रीन बघितली की लोक म्हणतात ‘हॅकिंग चाललंय’, पण बिचारा शेल फक्त निरोप पोचवत असतो. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही एक शेल आहे. अँड्रॉइड ४.० पासून तिथे एमकेएसएच नावाचा शेल असतो. टरमक्स ॲप टाकलंत तर त्यात बॅश मिळतो.

आता शेलच्या पोटात एक भाग असतो, ज्याचं काम फक्त प्रोग्रॅम चालवणं. तो दोन पायऱ्यांत काम करतो. पहिली पायरी फोर्क: शेल स्वतःची एक प्रत तयार करतो. दुसरी पायरी एक्झेक: ती प्रत कर्नलला सांगते, ‘मला काढ, आणि माझ्या जागी हा प्रोग्रॅम बसव.’ मूळ शेल बाजूला बसून वाट बघतो.

इथे एक भारी गोष्ट आहे. एक्झेक यशस्वी झालं तर ते परत येतच नाही. कुठे परत येणार? बोलावणाराच पुसला गेला, त्याच्या जागी दुसरा प्रोग्रॅम आला. म्हणजे कोडमध्ये एक्झेकनंतर जी ओळ लिहिलेली असते, ती चालली याचा अर्थच गडबड झाली. त्या भागातला बराचसा कोड हा अपयशाचा हिशेब ठेवणारा कोड असतो. हे मला तेव्हा नीट कळलेलं नव्हतं.

आणि अपयशाचे प्रकार असतात. कमांड सापडलीच नाही, तर शेल १२७ हा आकडा परत देतो. सापडली, पण चालवता आली नाही, समजा परवानगी नाही, तर १२६. हे आमच्या कंपनीचे आकडे नाहीत, पॉसिक्स मानकातच आहेत. जगभरच्या स्क्रिप्ट या दोन आकड्यांवर विसंबून असतात.

मला दिलेलं काम

मला नोकरीत जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आमच्या लीडने सांगितलं, ‘शेलची ती प्रोग्रॅम चालवणारी फाइल कुणाला वाचवत नाही. जरा साफ कर. वागणं मात्र बदलू नकोस.’

फाइल खरंच भयानक होती. एका फंक्शनमध्ये टॅब, दुसऱ्यात चार स्पेस, तिसऱ्यात दोन्ही मिसळून. महिरपी कंस कुठे त्याच ओळीवर, कुठे खालच्या ओळीवर. व्हेरिएबलची नावं ई, पी, क्यू, एका ठिकाणी पी आणि पीपी शेजारी शेजारी. आणि मधेच बंद करून ठेवलेला कोड, ‘हे नंतर बघू’ अशा कॉमेंटसकट. तो ‘नंतर’ कधी आलाच नव्हता.

मी चार दिवस बसले. आणि खरं सांगते, मला मजा आली. दिवाळीच्या आधी माळा आवरताना येते ना, तशी. इंडेंट सरळ केले, कंस एका पद्धतीने लावले, मेलेला कोड काढला, नावं बदलली, दोन-तीन फंक्शनं छोटी केली. सगळं एकाच कमिटमध्ये. डिफ झाला एकोणीसशे ओळींचा. कमिटच्या मेसेजमध्ये लिहिलं, ‘फक्त स्टाइल, वागण्यात बदल नाही.’

आता त्यातल्या चार ओळी वाचून दाखवते.

कमांडच्या नावात तिरकी रेघ नसेल, म्हणजे तुम्ही पूर्ण पत्ता न देता नुसतं नाव दिलं असेल, तर शेल पाथ नावाच्या यादीतले फोल्डर एकामागून एक बघतो. जुना कोड असा होता. सुरुवातीला: ई बरोबर ‘सापडलं नाही’. मग लूप: पुढचा फोल्डर घे. तिथे एक्झेक करून बघ. परत आलास, म्हणजे फसलं. का फसलं ते एरनो नावाच्या व्हेरिएबलमध्ये असतं. ते कारण ‘सापडलं नाही’ यापेक्षा वेगळं असेल, तरच ई मध्ये लिहून ठेव. लूप संपला. आता ई बघून १२६ किंवा १२७ ठरव.

मी काय विचार केला? एरनोमध्ये चुकीचं कारण असतंच. मग हा ई कशाला? एका अक्षराचं नाव, वर कॉमेंट नाही, आणि एरनोचीच नक्कल. काढून टाका. शेवटी थेट एरनो बघा. तीन ओळी वाचल्या, कोड सुटसुटीत झाला, मी खूश.

कुणाच्या लक्षात आलं का? नसेल तर एक उदाहरण देते.

समजा तुम्हाला एका सोसायटीत जोशींकडे पार्सल द्यायचंय. विंग माहीत नाही. तुम्ही ए विंगला जाता. वॉचमन म्हणतो, ‘जोशी आहेत, पण वर सोडणार नाही.’ तुम्ही बी विंगला जाता. तिथला म्हणतो, ‘इथे कुणी जोशी नाहीत.’ सी विंग, डी विंग, तेच उत्तर. परत आल्यावर ऑफिसमध्ये विचारतात, ‘काय झालं?’ आता तुम्ही फक्त शेवटच्या वॉचमनचं उत्तर सांगितलंत तर? ‘जोशी इथे राहतच नाहीत.’ चूक! जोशी राहतात, तुम्हाला आत सोडलं नाही, एवढंच.

तो ई म्हणजे ए विंगचं उत्तर लिहून ठेवलेली चिठ्ठी होती. एरनो म्हणजे शेवटच्या वॉचमनचं उत्तर. मी चिठ्ठी फाडली. ‘परवानगी नाही’चं ‘सापडलं नाही’ झालं. १२६ चं १२७.

तुम्ही म्हणाल, टेस्ट नव्हत्या का? होत्या की. कमांड अस्तित्वात नाही: १२७, पास. कमांड नीट चालते: शून्य, पास. पूर्ण पत्ता देऊन परवानगी नसलेली फाइल चालवा: १२६, पास. कारण पूर्ण पत्ता दिला की लूपच लागत नाही, एकच विंग, एकच वॉचमन. नुसतं नाव, पहिल्या फोल्डरमध्ये परवानगी नसलेली फाइल, आणि त्यापुढे आणखी फोल्डर, ही एकच गोष्ट कुणी तपासलेली नव्हती.

ती रात्र

दोन महिने काही झालं नाही. मग आमच्या पॅकेज बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक वेगळीच, छोटी चूक झाली. एका फाइलची ‘चालवायची’ परवानगी गळाली. ही फाइल म्हणजे अपग्रेडच्या आधी ग्राहकाची सगळी सेटिंग्ज जपून ठेवणारी कमांड.

आमची अपग्रेड स्क्रिप्ट ही कमांड नुसत्या नावाने हाक मारते. आणि स्वस्तातल्या मॉडेलमध्ये ही कमांड नसतेच. म्हणून स्क्रिप्टमध्ये लिहिलंय: १२७ आलं तर या मॉडेलमध्ये ती नाही, पुढे चला. दुसरा कुठलाही त्रुटीचा आकडा आला तर थांबा, अपग्रेड करू नका.

कळलं? जुना शेल असता तर १२६ आलं असतं, अपग्रेड जागच्या जागी थांबलं असतं, कुणीतरी वैतागून एक ईमेल टाकला असता आणि विषय संपला असता. माझ्या साफ केलेल्या शेलने सांगितलं १२७. स्क्रिप्ट म्हणाली, बरं, पुढे. सेटिंग्ज जपल्याच नाहीत. डबे रीस्टार्ट झाले आणि कोरे करकरीत होऊन उठले.

अकरा शाखा. आमच्या फील्ड सपोर्टमधले एक दादा आहेत, वयाने माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षं मोठे. ते रात्रभर एका शाखेतून दुसऱ्या शाखेत फिरत, लॅपटॉप जोडून, जुन्या कागदांवरून हाताने सेटिंग्ज भरत होते. पहाटे त्यांचा मला फोन आला. तेव्हाच त्यांनी तो प्रश्न विचारला, आणि मी ते उत्तर दिलं. ‘काहीच बदललं नाही. फक्त स्टाइल.’ ते म्हणाले, ‘बरं बरं, मग दुसरीकडे बघतो,’ आणि आणखी दोन तास त्यांनी दुसरीकडे बघण्यात घालवले. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून.

चुकीपेक्षा ते दोन तास मला जास्त लागतात. अजूनही.

सापडलं कसं

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये टेबलावर तोच डबा मांडून प्रकार पुन्हा घडवला, आणि गिट बायसेक्ट लावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुठल्या कमिटपासून बिघडलं हे शोधायला गिट मधला कमिट काढून देतं, तुम्ही तपासून चांगलं की वाईट ते सांगता, उरलेल्या अर्ध्यात पुन्हा मधला. दोनशे कमिट असले तरी सात-आठ फेऱ्यांत उत्तर मिळतं.

उत्तर मिळालं. माझा कमिट. ‘फक्त स्टाइल, वागण्यात बदल नाही.’

मी काय म्हणाले असेन? ‘बायसेक्ट चुकलंय.’ हो, मी खरंच असं म्हणाले. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

मग एकोणीसशे ओळींचा तो डिफ उघडला. काही दिसेना. सगळं लाल-हिरवं. मग आमच्या लीडने गिट डिफला डॅश डब्ल्यू लावलं, म्हणजे फक्त स्पेस आणि टॅबचे फरक सोडून दे. डिफ एकदम आकसला. अडीचशेच्या आसपास ओळी उरल्या. त्यात नावं बदललेली होती, मेलेला कोड होता, आणि मधोमध त्या तीन ओळी.

मी म्हटलं, ‘रिव्ह्यूमध्ये कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?’ हे मी आरोप म्हणून नव्हतं विचारलं, पण ऐकायला तसंच वाटलं असणार. लीड शांतपणे म्हणाले, ‘रिव्ह्यू मीच केला होता. एकोणीसशे ओळी मी वाचल्या नाहीत. स्क्रोल केल्या. वर लिहिलं होतं ना, वागण्यात बदल नाही.’

म्हणजे बघा, ते एक वाक्य दोन माणसांनी खरं मानलं. सपोर्टच्या दादांनी आणि लीडने. आणि त्याला आधार काय होता? माझी खात्री. बस.

मग आम्ही ती जुनी ओळ कुणी लिहिली ते शोधायला गेलो. गिट ब्लेम लावलं, तर पूर्ण फाइलवर माझं नाव! मी प्रत्येक ओळीचे इंडेंट हलवले होते ना. या ब्लेममुळे पुढे वर्षभर मला मेसेज यायचे, ‘हे तू असं का लिहिलंस?’ अरे, मूळ ओळ २०१५ ची आहे. २०१५ मध्ये मी बारावीत होते, इंटिग्रेशन करत होते!

माझ्या कमिटच्या मागे जाऊन पुन्हा ब्लेम लावलं तेव्हा सापडलं. कंपनी सोडून गेलेल्या कुणीतरी तो ई मुद्दाम घातलेला होता. मेसेज साधारण असा: नंतरच्या फोल्डरमधलं ‘सापडलं नाही’ हे आधीच्या ‘परवानगी नाही’वर चढतंय, म्हणून पहिलं खरं कारण जपून ठेवतोय.

म्हणजे हीच चूक आधी कुणीतरी भोगली होती. शोधली होती, दुरुस्त केली होती, आणि कारणही लिहून ठेवलं होतं. मी ती दुरुस्ती कचरा समजून काढली, वर तिच्या कारणापर्यंत जायची वाटही बुजवली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मग स्टाइल सोडूनच द्यायची का?

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, चालणाऱ्या कोडला हात लावूच नये. माझं म्हणणं तसं अजिबात नाही. आणि त्यासाठी शेलच्याच इतिहासातली एक मस्त गोष्ट सांगते.

१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बॉर्न शेल आला. स्टीफन बॉर्न यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेला. आज आपण शेल स्क्रिप्टमध्ये इफ उघडून उलटा ‘एफआय’ लिहून बंद करतो, ते त्यांचंच देणं. बॉर्न आधी केंब्रिजमध्ये अल्गॉल ६८ भाषेच्या कंपायलरवर काम करत होते आणि त्यांना ती भाषा आवडायची. इतकी, की शेल सी भाषेत लिहितानाही त्यांनी मॅक्रो करून ठेवले. महिरपी कंसाऐवजी बिगिन आणि एंड. इफ, देन, एल्स, एफआय. अंतहीन लूपसाठी लूप, आणि तो बंद करायला तोच शब्द उलटा, पूल. कोड सीचा, पण दिसायला भलताच.

बॉर्न यांना तो वाचायला सोपा जात असणार. बाकीच्या सी वाल्यांनी डोक्याला हात लावला. १९८४ मध्ये लँडन कर्ट नोल आणि लॅरी बॅसेल यांनी सीमधला सगळ्यात अगम्य कोड लिहायची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली, त्यामागे जी प्रेरणा होती त्यात बॉर्न शेलचा हा कोड होता! पुढे सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये ते मॅक्रो काढून शेल साध्या सीमध्ये आणला गेला. म्हणजे शेलची स्टाइल साफ करणारी मी काही पहिली नाही.

पण त्या प्रकारच्या सफाईत एक गोष्ट सुंदर आहे. मॅक्रो म्हणजे कंपायलच्या आधी होणारी नुसती शब्दांची अदलाबदल. बिगिन काढून कंस लिहिला तर कंपायलरच्या हातात तेच पडतं. मनाच्या खात्रीची गरजच नाही, तपासून बघता येतं.

आणि स्टाइल वाईट असली की काय होतं, त्याचं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०१४ मधली ॲपलची चूक. ‘गोटू फेल’ नावाने प्रसिद्ध आहे. सुरक्षित कनेक्शनमध्ये समोरच्या सर्व्हरची सही तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ दोनदा आली. इफला महिरपी कंस नव्हते. दुसरी ओळ इंडेंट करून अशी ठेवलेली, की वाटावं तीही इफच्या आत आहे. पण ती बाहेर होती, म्हणजे दरवेळी चालायची, आणि पुढची तपासणी न होताच ‘सगळं ठीक’ असं उत्तर जायचं. आयफोनला तातडीने अपडेट द्यावा लागला. २०१६ मध्ये आलेल्या जीसीसी ६ मध्ये दिशाभूल करणाऱ्या इंडेंटबद्दल सूचना देणारा पर्याय आला, तो अशाच चुकांसाठी.

म्हणून स्टाइल महत्त्वाची आहेच. आणि आमच्या प्रकरणातही नीट बघा: मूळ दोष कुठे होता? एवढ्या महत्त्वाच्या चिठ्ठीला कुणीतरी ‘ई’ असं एका अक्षराचं नाव दिलं होतं. त्याचं नाव ‘पहिलं खरं कारण’ असं असतं, तर मी त्याला हात लावला असता का? नसता. कारण कमिटमध्ये होतं, पण कोड वाचणारा प्रत्येक जण कमिट खणायला जात नाही. वाईट स्टाइलने खड्डा खणला, बेफिकीर सफाईने मी त्यात पडले, आणि लागलं तिसऱ्यालाच.

आता आम्ही काय करतो

आम्ही माझा अख्खा कमिट मागे घेतला. मग तीच सफाई पुन्हा केली, नऊ छोट्या कमिटमध्ये. तेव्हापासून काही नियम पाळतो, ते सांगते. तुम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टवर असाल तरी उपयोगी पडतील.

पहिला: इंडेंट आणि कंस हाताने लावायचे नाहीत. क्लँग-फॉरमॅटसारखं टूल लावायचं, आणि नेमकी कुठली कमांड चालवली ती कमिटच्या मेसेजमध्ये लिहायची. रिव्ह्यू करणाऱ्याने एकोणीसशे ओळी वाचायच्याच नाहीत. त्याने तीच कमांड स्वतः चालवायची आणि निकाल तोच येतो का बघायचं.

दुसरा, आणि माझा आवडता: ‘वागण्यात बदल नाही’ म्हणायचं असेल तर सिद्ध करायचं. सफाईच्या आधी फाइल कंपाइल करा, नंतर करा, आणि तयार झालेला मशीन कोड ताडून बघा. स्पेस बदलल्या, कंस हलवले, फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलची नावं बदलली, तरी मशीन कोड तसाच राहायला हवा. डीबगची माहिती बंद ठेवा, आणि ओळीचा क्रमांक छापणारे मॅक्रो असतील तर तेवढा फरक येईल, तो समजून घ्या. मी ई काढला तेव्हा हे ताडून बघितलं असतं, तर पाच मिनिटांत फरक दिसला असता. दोन महिन्यांनी, अकरा शाखांमध्ये नाही.

तिसरा: ज्या बदलाने मशीन कोड बदलतो, तो कितीही ‘छोटासा’ असो, स्टाइलच्या कमिटमध्ये येणार नाही. त्याचा वेगळा कमिट, वेगळं कारण, वेगळी टेस्ट. ‘हातासरशी हेही केलं’ हे वाक्य ऐकलं की आता माझे कान टवकारतात.

चौथा: सफाईच्या कमिटचे क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे आणि गिट ब्लेमला सांगायचं की हे वगळ. २०१९ मध्ये आलेल्या गिट २.२३ पासून ही सोय आहे. म्हणजे ओळीमागचा खरा माणूस आणि खरं कारण पुन्हा दिसायला लागतं. मला येणारे ते मेसेजही यानंतरच बंद झाले.

आणि ती राहिलेली टेस्टही लिहिली. दोन फोल्डर, पहिल्यात परवानगी नसलेली फाइल, दुसरा रिकामा. नुसत्या नावाने हाक मारा. उत्तर १२६ च आलं पाहिजे. बारा ओळींची टेस्ट आहे. ई चं नाव आता लांबलचक आहे, आणि वर दोन ओळींची कॉमेंट आहे: हे काढू नका, का ते पुढे वाचा.

घरी करून बघायचं असेल तर टरमक्स किंवा कुठलंही लिनक्स उघडा. अस्तित्वात नसलेली काहीतरी कमांड टाका. मग ‘इको’ लिहून, स्पेस देऊन, डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून प्रश्नचिन्ह टाका. १२७ दिसेल. मग ‘टच’ने एक रिकामी फाइल तयार करा, तिच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ देऊन ती चालवून बघा, आणि पुन्हा तेच विचारा. १२६. या दोन आकड्यांमधलं अंतर फक्त एकाचं आहे, पण मला ते चांगलंच महागात पडलं.

शेवटचं सांगते. सगळं सापडल्यावर मी दादांना स्वतःहून फोन केला. म्हटलं, ‘दादा, त्या दिवशी मी म्हणाले होते ना, काही बदललं नाही. बदललं होतं. मीच बदललं होतं.’ त्यांना जोशींचं उदाहरण देऊन सगळं समजावलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, ‘म्हणजे एक अक्षर गेलं तुमचं?’ म्हटलं, ‘हो, एक अक्षर.’ थोडं थांबून म्हणाले, ‘असू द्या. पण पुढच्या वेळी विचारलं ना, तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. मी सगळीकडेच बघेन.’

हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. आता मी जेव्हा कुणाच्या कमिटवर ‘वागण्यात बदल नाही’ असं वाचते, तेव्हा एकच शब्द लिहिते: ‘कशावरून?’ आणि स्वतःच्या कमिटवर तर आधी.

चला, आज इथेच थांबूया. तुमच्याकडूनही ‘फक्त स्टाइल’ म्हणत काही मोडलं असेल तर नक्की कळवा. नाव सांगणार नाही, वचन! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.